सप्लाय ॲग्रीमेंट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर कसं चढवायचं: कारखान्यांमधल्या व्यवहारासाठी पायरी-पायरीने

सप्लाय ॲग्रीमेंट ब्लॉकचेनवर (सगळ्या पार्ट्यांकडे प्रत असलेली, मागची नोंद बदलता न येणारी सामायिक वही) स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणून, म्हणजे कलमांचा हिशोब करणारा चेनवरचा प्रोग्राम म्हणून, टाकायचं म्हटलं की चर्चा लगेच इथेरियम घ्यायचं की हायपरलेजर (दोन वेगळ्या प्रकारच्या चेन), गॅस (प्रत्येक ट्रान्झॅक्शनची फी) किती लागेल, डेव्हलपर कुठून आणायचा, इकडे वळते. माझ्या मते तो भाग त्यातल्या त्यात सोपा आहे. घाम फुटतो तो "माल आला आणि तो बरोबर आहे" एवढं एक वाक्य नक्की कोण बोलणार, कुठल्या क्षणी बोलणार, आणि ते उद्या खोटं निघालं तर गेलेले पैसे परत कसे फिरवणार हे ठरवताना. हे ठरलं की कोड काय, चांगला माणूस लिहून देतो. हे न ठरवता कोड लिहिला तर नेहमीचीच भांडणं फक्त जास्त वेगाने होतात.

समजायला एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एक कारखाना पंप बनवतो, त्याला मशीनिंग केलेली ॲल्युमिनियमची हाउसिंग लागतात, दुसरा कारखाना ती पुरवतो. ५०० नगांचा लॉट, नगाला ४८, म्हणजे लॉट २४,००० चा (चलन तुमचं तुम्ही धरा). उशीर झाला तर आठवड्याला ०.५ टक्के एलडी (उशिराचा ठरलेला दंड), जास्तीत जास्त ५ टक्के. माल पास झाल्यावर ९० टक्के पेमेंट, उरलेलं १० टक्के रिटेन्शन (राखून ठेवलेली रक्कम) ३० दिवसांनी. धातूचा भाव वरखाली झाला तर लंडन मेटल एक्स्चेंजच्या मासिक सरासरीप्रमाणे फरक द्यायचा. अगदी रोजच्यातलं ॲग्रीमेंट आहे, यात काही विशेष नाही, आणि म्हणूनच ते बरं.

आधी हे बघा की गरज तरी आहे का

दोनच पार्ट्या आहेत, वर्षानुवर्षांचे संबंध आहेत, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि इनव्हॉइस ईडीआयने (एका कंपनीच्या कॉम्प्युटरमधून थेट दुसरीच्या) जातात आणि महिनाअखेर हिशोब जुळतो, तर सरळ राहू द्या, उगाच नवीन यंत्रणा अंगावर घेऊ नका. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला अर्थ तेव्हा येतो जेव्हा तीन-चार पार्ट्या असतात (खरेदीदार, पुरवठादार, ट्रान्सपोर्टर, बाहेरची इन्स्पेक्शन एजन्सी, शिवाय बिलावर पैसे देणारा फायनान्सर), प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा असतो, आणि एकाचाही डेटाबेस बाकीच्यांना शेवटचा शब्द म्हणून मान्य नसतो.

आणि दुसरं, सगळी इंडस्ट्री एकाच प्लॅटफॉर्मवर आणायची स्वप्नं नकोत. मर्स्क आणि आयबीएमने २०१८ मध्ये ट्रेडलेन्स आणलं, जहाजाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं आणि ट्रॅकिंग ब्लॉकचेनवर, मोठमोठ्या कंपन्या जोडल्या गेल्या, तरी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं, कारण त्यांनीच सांगितलं तसं, जगभरातल्या सगळ्या इंडस्ट्रीचं एकत्र येणं काही झालं नाही. टेक्नॉलॉजी चालत होती. एक खरेदीदार, एक पुरवठादार आणि एकच पार्ट नंबर, इथून सुरुवात करा.

पायरी १: ॲग्रीमेंटची कलमं तीन ढिगांत टाका

ॲग्रीमेंटची प्रिंट काढा, तीन रंगांचे हायलायटर घ्या आणि खरेदीवाला, क्वालिटीवाला, अकाउंट्सवाला आणि वकील एका टेबलावर बसवा. प्रोग्रामर पण असू द्या, पण या बैठकीत त्याने फक्त प्रश्न विचारायचे.

पहिला ढीग निव्वळ गणिताचा: किंमत, एलडी, रिटेन्शन, धातूच्या भावाचा फरक, जास्त क्वांटिटीवरची सूट. हे कोडमध्ये जातं. दुसरा ढीग पुराव्यावर चालणाऱ्या गोष्टींचा: डिस्पॅच, गेट एन्ट्री, तपासणीचा निकाल, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट. हे पण कोडमध्ये जातं, पण बाहेरून कोणीतरी माहिती आणून द्यावी लागते, त्यावर पुढे येतो. तिसरा ढीग माणसाच्या अकलेवर चालणारा: फोर्स मेजर (पूर, युद्ध अशी कोणाच्या हातात नसलेली आपत्ती), "वाजवी प्रयत्न", वॉरंटीमध्ये दोष डिझाइनचा की मशीनिंगचा, ड्रॉइंगची मालकी. हा ढीग कागदावरच ठेवायचा. इथे अतिउत्साही लोक फोर्स मेजर पण कोडमध्ये घालायला जातात, हवामानाचा डेटा जोडू वगैरे म्हणतात, त्यांना प्रेमाने चहाला पाठवा. कोडमध्ये तिसऱ्या ढिगासाठी एकच गोष्ट लागते, एक बटण, "या लॉटवर वाद आहे, माणसांचा निकाल येईपर्यंत थांबा".

पायरी २: लॉटचा प्रवास अवस्थांमध्ये लिहा

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला गोष्ट कळत नाही, अवस्था कळते. आपल्या उदाहरणात लॉट असा फिरतो: ऑर्डर झाली, डिस्पॅच झाला, गेट एन्ट्री झाली, तपासणी चालू, मग पास किंवा रिजेक्ट, मग ९० टक्के सुटले, मग रिटेन्शन सुटलं. एका कागदावर चौकोन काढा आणि प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहा: हा बाण कोण ओढू शकतो, कुठला पुरावा जोडून, आणि कोणीच ओढला नाही तर काय.

तिसरा प्रश्न सगळे विसरतात आणि खरा पैसा तिथेच अडकतो. माल गेटवर येऊन पडलाय, क्वालिटीवाल्यांना वेळ नाही, आठवडा गेला, लॉट "तपासणी चालू" मध्येच. पुरवठादाराचे पैसे कुठे आहेत? म्हणून "गेट एन्ट्रीपासून ५ कामाच्या दिवसांत निकाल नोंदवला नाही तर पास समजायचा" असा काहीतरी नियम दोघांनी मान्य करून घ्यायचा. कामाचे दिवस म्हटलं की सुट्ट्या आल्या, आणि चेनला सुट्ट्या कळत नाहीत, तिला फक्त सेकंद कळतात, त्यामुळे एकतर सरळ कॅलेंडर दिवस धरा नाहीतर वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी दोघांच्या सहीने कॉन्ट्रॅक्टमध्ये टाका. मी कॅलेंडर दिवस धरीन, कटकट कमी.

आणि हे नीट लक्षात घ्या, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आपणहून जागं होत नाही. पाच दिवस संपले म्हणून मध्यरात्री ते उठून पैसे सोडेल असं लोकांना वाटतं, तसं नाही, कोणीतरी ट्रान्झॅक्शन पाठवून त्याला "बघ रे, वेळ झाली का" असं विचारावं लागतं. ते फंक्शन पुरवठादाराला पण चालवता आलं पाहिजे, नाहीतर ज्याने पैसे द्यायचे त्याच्याच हातात घड्याळ राहतं.

अजून एक अवस्था जी कागदावरच्या ॲग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा नसते पण शॉपफ्लोअरवर सतत घडते: डेव्हिएशनवर स्वीकार. बोअर (आतलं भोक) थोडा मोठा आलाय, टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) बाहेर आहे, पण लाइन थांबलीये आणि असेंब्लीवाला म्हणतो चालेल, चढवा. ना धड पास, ना धड रिजेक्ट. यासाठी वेगळा बाण नसेल तर पहिल्याच महिन्यात लोक फोनवर ठरवून सिस्टीममध्ये खोटं "पास" मारायला लागतील, आणि मग त्या चेनवरच्या कधीही न बदलणाऱ्या रेकॉर्डला काडीची किंमत उरत नाही. डेव्हिएशनचा बाण द्या, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागू देत आणि किंमत किती कमी करायची तो आकडा भरायची सोय द्या.

तसंच ड्रॉइंगची रिव्हिजन. ऑर्डर रिव्हिजन सी ला दिली, मध्येच डी आली, माल सी प्रमाणे आला. प्रत्येक लॉटबरोबर ड्रॉइंग फाइलचा हॅश (फाइलमधून काढलेला ठसा, फाइल जरा बदलली की तोही बदलतो) बांधून ठेवला की कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे माल मागितला होता यावर वाद उरत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी पण ही सगळी उठाठेव वसूल होते असं मला वाटतं.

पायरी ३: आकडे, आणि इथे घाई नको

आपल्या लॉटला १० दिवस उशीर झाला. ०.५ टक्के म्हणजे आठवड्याला १२०. मग एलडी किती?

पूर्ण झालेलेच आठवडे धरले तर एक आठवडा, १२०. "आठवडा किंवा त्याचा भाग" धरला तर दोन आठवडे, २४०. दिवसाप्रमाणे धरलं तर १७१.४३. ॲग्रीमेंटमध्ये नुसतं "आठवड्याला ०.५ टक्के" लिहिलेलं असतं आणि आत्तापर्यंत अकाउंट्सवाले फोनवर मिटवत होते म्हणून कुणाला टोचलं नाही. कोडमध्ये मिटवामिटवी नसते. आणि गंमत म्हणजे सॉलिडिटीमध्ये (इथेरियमवरची कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा) अपूर्णांक नसतातच, सगळा भागाकार पूर्णांकात होतो आणि वरचं तुटून जातं, १० भागिले ७ म्हणजे १. म्हणजे प्रोग्रामरने काही न विचारता सरळ भागाकार लिहिला तर "पूर्ण आठवडेच धरा" हा व्यापारी निर्णय भाषेने परस्पर घेऊन टाकला, ना खरेदीवाल्याने घेतला ना पुरवठादाराने.

याच्यापुढचा सापळा क्रमाचा. अर्धा टक्का हा १०,००० पैकी ५० असा लिहायची पद्धत आहे. आधी २४,००० ला ५० ने गुणलं आणि मग १०,००० ने भागलं तर १२० बरोबर येतात. आधी ५० भागिले १०,००० केलं तर शून्य, आणि शून्याला कशानेही गुणा, दंड शून्यच. कोड एरर देत नाही, निमूटपणे शून्य देतो. म्हणून नियम साधा: आधी गुणाकार, मग भागाकार, आणि रक्कम चलनाच्या सगळ्यात लहान भागात ठेवायची.

धातूच्या भावाचं पण असंच. बेस भाव टनाला २,४०० होता, महिन्याची सरासरी २,५२० आली, फरक १२०. आता हाउसिंगचं तयार वजन ४ किलो, म्हणजे ५०० नगांचे २ टन, फरक २४०. पण पुरवठादाराला कास्टिंग लागतं ५.२ किलोचं, उरलेला बुरादा होतो, त्या हिशोबाने २.६ टन, फरक ३१२. नेट वजन की ग्रॉस, आणि बुराद्याचे पैसे कोणाचे, हे ठरवा. सरासरी कुठल्या महिन्याची, ऑर्डरच्या की डिस्पॅचच्या? भाव खाली आला तर फरक उलटा पण जाणार ना? (सॉलिडिटीत उणे आकड्यांसाठी वेगळा प्रकार वापरावा लागतो, साधा प्रकार वापरला तर भाव उतरलेल्या महिन्यात वजाबाकी शून्याखाली गेली की ट्रान्झॅक्शनच फेटाळलं जातं आणि अख्खं बिल अडकतं.)

या सगळ्यासाठी एक चांगली सवय म्हणजे करारातच सोडवलेली उदाहरणं जोडणं. "लॉट २४,०००, उशीर १० दिवस, एलडी अमुक." अशी दहा-पंधरा उदाहरणं, त्यात उशीर ० दिवस, ७ दिवस, ८ दिवस, ७० दिवस, ७१ दिवस असे कडेचे आकडे मुद्दाम घ्या, दोघांनी सह्या करा. हीच उदाहरणं नंतर जशीच्या तशी कोडच्या टेस्ट बनतात. वकिलाला पण वाचता येतात, प्रोग्रामरला पण.

पायरी ४: चेनला खरं कोण सांगणार

ब्लॉकचेनवर गेलेली नोंद बदलत नाही हे बरोबर, पण चुकीची नोंद गेली तर ती पण तशीच पक्की राहते. चेन गेटवर उभी राहून माल मोजत नाही. बाहेरची माहिती आत आणणाऱ्याला ऑरॅकल म्हणतात, आणि कारखान्याच्या बाबतीत ऑरॅकल म्हणजे बहुतेक वेळा तुमची ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार ठेवणारं सॉफ्टवेअर), तिच्यात जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) टाकणारा स्टोअरचा माणूस, आणि रिपोर्ट भरणारा क्यूसी (क्वालिटीचा) इन्स्पेक्टर.

एकाच्या शब्दावर पैसे हलतील असं ठेवू नका. गेट एन्ट्रीला ट्रान्सपोर्टरची डिलिव्हरीची सही आणि खरेदीदाराच्या स्टोअरची सही, दोन्ही. क्वांटिटी जुळली तर पुढे, नाही जुळली तर जो कमी आकडा आहे तेवढ्याचं पेमेंट पुढे आणि फरकावर वाद. बाकीच्या ४९० नगांचे पैसे १० नगांसाठी कशाला अडकवायचे.

तपासणीला पद्धत आधीच ठरलेली असते ती तशीच कोडमध्ये जाऊ द्या. आयएसओ २८५९-१ (नमुना तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे ५०० च्या लॉटला नॉर्मल तपासणी, जनरल लेव्हल २, म्हणजे नमुना ५० नगांचा, आणि एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची टक्केवारी) १.० असेल तर १ दोषी नग निघेपर्यंत लॉट पास, २ निघाले की रिजेक्ट. आता चेनवर फक्त "पास" पाठवू नका, "५० तपासले, १ दोषी" असं पाठवा आणि पास-रिजेक्ट कॉन्ट्रॅक्टला काढू द्या. मोजमापाचा पूर्ण रिपोर्ट बाहेर ठेवा, त्याचा हॅश चेनवर. उद्या वाद झाला तर रिपोर्ट नंतर बदललेला नाही एवढं तरी सिद्ध होतं. रिपोर्ट खरा होता का, हे हॅश सांगत नाही, त्यासाठी एका पार्टीला फेरतपासणी मागायचा हक्क आणि बाहेरची एजन्सी लागतेच, आणि तिचा खर्च हरणाऱ्याने द्यायचा हे लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक रिजेक्शनला फेरतपासणी मागितली जाईल.

मशीनवरचे सेन्सर, सीएमएमचा (मापं घेणाऱ्या मशीनचा) डेटा ओपीसी यूए (मशीनचा डेटा पाठवायची ठरलेली पद्धत) वरून थेट चेनकडे, हे ऐकायला छान वाटतं. करा, पण दुसऱ्या वर्षी. सेन्सरचं कॅलिब्रेशन संपलं असेल तर खोटं अजून लवकर पोहोचतं एवढंच.

धातूच्या भावासाठी अजून एक व्यावहारिक अडचण आहे, एक्स्चेंजचा डेटा लायसन्सचा असतो, तो उचलून पब्लिक चेनवर टाकता येईलच असं नाही. सोपा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा दोन्ही कंपन्यांनी मान्य केलेला आकडा दोघांच्या सहीने टाकायचा आणि आकडा मागच्या महिन्यापेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त हलला तर कॉन्ट्रॅक्टने तो आपोआप न घेता थांबायचं. एखाद्याने २,५२० च्या जागी २५,२०० टाइप केलं तर हीच एक अट वाचवते.

पायरी ५: पैसे चेनवर ठेवायचे की नुसता आदेश

इथे बहुतेक प्रोजेक्ट मरतात आणि कारण टेक्निकल नसतं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं पुस्तकी चित्र असं की खरेदीदार आधीच सगळे पैसे एस्क्रोमध्ये (अट पुरी होईपर्यंत पैसे धरून ठेवणारं मधलं खातं) अडकवतो आणि माल पास झाला की ते सुटतात. अहो पण उत्पादन क्षेत्र उधारीवर चालतं. ६० दिवस, ९० दिवस क्रेडिट हेच खरेदीदाराचं खेळतं भांडवल. त्याला तुम्ही म्हणालात की आता ऑर्डर देतानाच पूर्ण रक्कम अडकव, तर फायनान्सवाला मीटिंगमधूनच उठून जाईल.

मग मार्ग दोन-तीन आहेत. एक, पैसे बँकेतच राहू द्या आणि कॉन्ट्रॅक्टने फक्त "इतकी रक्कम, या तारखेला, देय म्हणून मान्य" अशी नोंद करायची, पेमेंट ईआरपीतून नेहमीप्रमाणे जातं आणि गेल्याची नोंद परत चेनवर येते. आपोआप पैसे सुटत नाहीत, पण पुरवठादाराच्या हातात खरेदीदाराने मान्य केलेलं, हात न लावता येणारं देणं येतं, आणि ते घेऊन तो फायनान्सरकडे लवकर पैसे मागू शकतो, आणि फायनान्सर चेन बघत असतील तर एकच बिल दोघांकडे गहाण टाकता येत नाही. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करा. दोन, एस्क्रो ठेवायचाच तर फिरता ठेवा, एका लॉटपुरता, पहिला सुटला की दुसऱ्यासाठी भरायचा. तीन, फक्त वादातली रक्कम किंवा टूलिंगचा (साचे, हत्यारं यांचा) ॲडव्हान्स एस्क्रोमध्ये.

स्टेबलकॉइनमध्ये (एखाद्या चलनाच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) पेमेंट करायचं असेल तर आधी तुमच्याकडच्या नियमात ते बसतं का हे बघा, आणि "स्टेबल" वर डोळे मिटून जाऊ नका. २०२३ च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी या डॉलरला बांधलेल्या स्टेबलकॉइनचा भाव एका डॉलरवरून ८८ सेंटच्या आसपास घसरला होता, दोन-तीन दिवसांत सावरला, पण त्या दोन दिवसांत तुमचं पेमेंट सुटलं असतं तर? करारात लिहा की रक्कम कुठल्या चलनात मोजायची आणि फरक कोणी सोसायचा. आणि हो, यूएसडीसीला दशांशाची ६ स्थानं आहेत, इथरला (इथेरियमचं चलन) १८, हा गोंधळ झाला तर आकडा थेट बारा शून्यांनी चुकतो.

पायरी ६: कुठली चेन

पब्लिक इथेरियमवर सगळं सगळ्यांना दिसतं. सॉलिडिटीत व्हेरिएबल प्रायव्हेट केलं म्हणजे लपलं असा गैरसमज फार आहे, ते फक्त दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला थेट वाचता येत नाही, माणसाला आरामात वाचता येतं. तुमचा स्पर्धक बसून बघेल की महिन्याला किती लॉट आले, नगाला किती भाव, रिजेक्शन किती. नुसता हॅश टाकला तरी सांभाळून, क्वांटिटी १ ते १०,००० मध्येच असणार, तेवढे सगळे हॅश काढून जुळवायला लॅपटॉपला क्षणभर पण लागत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीत एक लांब रँडम आकडा मिसळून मगच हॅश करायचा आणि तो आकडा जपून ठेवायचा.

त्यामुळे ठरलेल्या पार्ट्यांमधल्या व्यवहाराला हायपरलेजर फॅब्रिक किंवा बेसूचं खाजगी नेटवर्क बरं पडतं. फॅब्रिकमध्ये चॅनल आणि प्रायव्हेट डेटा कलेक्शन असतात, म्हणजे ट्रान्सपोर्टरला डिलिव्हरी दिसेल पण भाव दिसणार नाही, आणि कुठल्या नोंदीला कुणाकुणाची मान्यता लागते ते एंडोर्समेंट पॉलिसीत ठरवता येतं. फक्त सगळे नोड (चेनची प्रत चालवणारे कॉम्प्युटर) खरेदीदाराच्याच सर्व्हरवर असतील तर मग तो साधा डेटाबेसच झाला, महागातला. पुरवठादाराचा नोड पुरवठादाराकडे किंवा त्याच्या विश्वासातल्या होस्टकडे हवा.

माणसांची नावं, फोन नंबर, ट्रक ड्रायव्हरचे लायसन्स नंबर चेनवर टाकायचेच नाहीत. पुसता येत नाही म्हणून.

पायरी ७: कागदी करार, आणि कोणाचं ऐकायचं

कागद आणि कोड वेगळं बोलले तर कोणाचं खरं? हे पहिल्याच पानावर लिहा. माझं मत, कागद वरचढ, आणि चेनवर झालेलं पेमेंट चुकीचं ठरलं तर इतक्या दिवसांत उलट पेमेंट करायची जबाबदारी. वाद लवादाकडे, कुठला कायदा, कुठलं ठिकाण, हे नेहमीप्रमाणे.

कायदा या बाबतीत अगदी कोरा नाही. इंग्लंड आणि वेल्ससाठी तिथल्या लॉ कमिशनने २०२१ मध्ये सांगितलं की स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवरचे करार सामावून घ्यायला सध्याचा कायदा पुरेसा आहे, वेगळा कायदा करायची गरज नाही. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये केलेल्या डेटा ॲक्टमध्ये डेटा शेअरिंगच्या करारांसाठी वापरलेली स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट सुरक्षितपणे थांबवता आली पाहिजेत अशी अट घातली. आणि सिंगापूरच्या क्वाइन (क्रिप्टोचा प्लॅटफॉर्म) विरुद्ध बी२सी२ (त्यावर सौदे करणारी कंपनी) खटल्यात, २०२० चा निकाल, प्रोग्रामनी आपापसात बाजारभावाच्या साधारण २५० पट दराने सौदे केले होते, प्लॅटफॉर्मने ते परस्पर उलटवले, आणि कोर्टाने प्रोग्रामरने प्रोग्राम लिहिताना त्याला काय माहीत होतं हे तपासलं, आणि सौदे उलटवणं हा कराराचा भंग ठरला. तेव्हा कोडमधला प्रत्येक नियम का तसा आहे याच्या नोंदी तारखेसकट जपून ठेवा, त्या कधीतरी कोर्टात उघडल्या जाऊ शकतात. आणि करारात कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, व्हर्जन आणि सोर्स कोडचा हॅश लिहायला विसरू नका.

पायरी ८: कोड, किल्ल्या आणि ब्रेक

कोड छोटा ठेवा. टोकन, परवानग्या, पॉझ यासाठी ओपनझेपेलिनची तपासलेली लायब्ररी आहे, स्वतः लिहायचा हट्ट नको. स्लिदरसारखं कोडमधल्या चुका शोधणारं टूल रोज चालवा, फाउंड्री नावाच्या टेस्टिंग टूलमध्ये फझ टेस्ट लावा म्हणजे हजारो उलटेसुलटे आकडे टाकून ते बघतं की एलडी कधी ५ टक्क्यांच्या वर जातो का, ९० आणि १० मिळून १०० च्या वर जातात का. मग बाहेरच्यांकडून ऑडिट.

ऑडिट कशाला म्हणणाऱ्यांसाठी दोन जुन्या गोष्टी. २०१६ च्या जूनमध्ये द डीएओ या इथेरियमवरच्या गुंतवणूक फंडातून ३६ लाख इथर काढले गेले, कारण पैसे आधी पाठवायचे आणि शिल्लक नंतर कमी करायची असा क्रम होता, मधल्या फटीतून परत परत पैसे ओढले. म्हणून आधी हिशोब बदला, मग पैसे पाठवा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिटी कंपनीच्या मल्टीसिग (अनेक सह्या लागणाऱ्या) वॉलेटची सामायिक लायब्ररी एकाने मालकी घेऊन नष्ट केली आणि पाच लाखांहून जास्त इथर गोठले.

पॉझचं बटण कोणाही एका पार्टीला दाबता यावं, पण चालू करायला दोघांच्या सह्या लागाव्यात, आणि पॉझ ठरावीक दिवसांत न मिटल्यास प्रकरण आपोआप लवादाकडे गेलं पाहिजे, नाहीतर पॉझ हेच पेमेंट लांबवायचं हत्यार होतं. कोड बदलायचा हक्क पण तसाच, ज्याच्याकडे अपग्रेडची किल्ली (चेनवर सही करायची डिजिटल चावी) त्याच्याकडे करार एकतर्फी बदलायची ताकद, म्हणून दोघांची सही आणि मध्ये काही दिवसांची मुदत. फॅब्रिकमध्ये २.० पासून चेनकोड (तिथलं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट) बदलायला ठरलेल्या संस्थांची मान्यता घ्यायची सोय आहेच.

किल्ल्या व्यक्तीच्या नावावर नकोत, पदाच्या नावावर. स्टोअर मॅनेजर नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याची किल्ली रद्द व्हायला हवी, एचआरच्या एक्झिट फॉर्ममध्ये तशी एक ओळ घाला. लाखमोलाची क्रिप्टोग्राफी आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, असं होऊ देऊ नका.

पायरी ९: आधी सावलीत चालवा

पहिले दोन-तीन महिने कॉन्ट्रॅक्ट चालू ठेवा पण पैसे जुन्याच पद्धतीने जाऊ द्या. प्रत्येक लॉटला कॉन्ट्रॅक्टचा आकडा आणि अकाउंट्सचा आकडा शेजारी शेजारी मांडा. फरक निघणारच, आणि प्रत्येक फरकाला विचारा की कोड चुकला, माणूस चुकला, की करारच मोघम होता. तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा निघेल. या काळात मुद्दाम वाईट प्रसंग घडवून बघा: गेटवर नेट नाही, रिपोर्ट उशिरा आला, चुकीच्या लॉटवर पास मारला, एकाच डिलिव्हरी चलानावर दोनदा जीआरएन पडला. दुसरा जीआरएन कॉन्ट्रॅक्टने नाकारला पाहिजे, तो स्वीकारला तर तिथेच थांबा. मग लाइव्ह जाताना पण एका लॉटची कमाल रक्कम बांधून घ्या आणि ती हळूहळू वाढवा.

पायरी १०: बंद कसं करायचं

सप्लाय ॲग्रीमेंट संपतात, पार्ट बंद होतो, कंपनी विकली जाते. तेव्हा शेवटच्या लॉटचं ३० दिवसांचं रिटेन्शन अजून आत असतं, एखादा वाद उघडा असतो. म्हणून "नवीन ऑर्डर बंद, जुन्या पूर्ण होऊ द्या" अशी वेगळी अवस्था पहिल्या दिवसापासून ठेवा. सगळे लॉट मिटले, शिल्लक शून्य झाली की दोघांच्या सहीने कुलूप. किल्ल्या रद्द करा, पण हॅशबरोबर मिसळलेले ते रँडम आकडे आणि मूळ रिपोर्ट मात्र फेकू नका, दोन्हीकडे प्रत ठेवा, कारण ते गेले तर चेनवर उरलेल्या हॅशवरून कोणालाही काहीही सिद्ध करता येत नाही, आणि पंपाच्या वॉरंटीचे दावे करार संपल्यावरही दोन-तीन वर्षं येतच राहतात.